खोड, जिना आणि न्हाणी : झाडावरच्या मुक्कामघरांच्या आराखड्याचा आढावा

वायनाडमधल्या वैथिरीपासून लोणावळ्याच्या परिसरापर्यंत सह्याद्रीत आता झाडावरच्या, निदान झाडांच्या शेंड्यांना भिडणाऱ्या खोल्या मुक्कामाला मिळतात. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. तेव्हापासून आपल्या आमराईत किंवा काजूच्या बागेत असे एखादे घर बांधावे का, हा विचार शेतकऱ्यांच्या घरांतही होऊ लागला आहे. बांधायचे ठरले की आधी छायाचित्रे पाहिली जातात आणि त्यातले आवडलेले घर सुताराला किंवा फॅब्रिकेटरला दाखवले जाते. पण आराखडा ज्यांनी ठरतो त्या गोष्टी छायाचित्रात सहसा दिसत नाहीत. घराचे वजन कोणी पेलायचे, खोड खोलीच्या आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, संडास-न्हाणी कुठे काढायची आणि पाहुणा वर चढणार कसा, हे ते प्रश्न. यातल्या प्रत्येकावर काम करणाऱ्यांत खरे मतभेद आहेत. ते कुठवर आले आहेत, ते इथे क्रमाने पाहू.

माळ्यापासून मुक्कामापर्यंत

ज्वारी-बाजरीच्या शेतात पाखरे राखायला उभारलेला माळा आणि शिकाऱ्याचे मचाण आपल्याला नवे नाही. पण माळा एका माणसाचा आणि एका हंगामाचा. त्यावर गोफण घेऊन उभे राहता आले म्हणजे झाले. झोपणे, जेवणे, आंघोळ, रात्री मुलाला उठून बाहेर नेणे हे त्याच्या हिशेबात नव्हते. हे सगळे हिशेबात आले तेव्हा झाडावरच्या घराला आराखडा लागू लागला.

पैसे देऊन राहण्याच्या अशा जागांत केनियाच्या अ‍ॅबरडेअर डोंगरांतले ‘ट्रीटॉप्स’ सर्वांत प्रसिद्ध. एरिक शेरब्रुक वॉकर यांनी १९३२ मध्ये ते एका प्रचंड उंबरवर्गीय झाडात, पाणवठ्याच्या वर बांधले. सुरुवातीला तिथे दोनच खोल्या होत्या. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला असताना वडिलांच्या मृत्यूमुळे राणी झाल्या. त्या रात्री आपल्या कुमाऊंचे जिम कॉर्बेटही त्या घरात होते. १९५४ मध्ये माऊ माऊ उठावाच्या काळात ते जाळले गेले, आणि १९५७ मध्ये त्याच पाणवठ्याजवळ पुन्हा उभे राहिले. या वेळी ते बरेच मोठे होते आणि खांबांवर होते. खाटा वाढल्या तसे वजन झाडावरून खांबांवर गेले. पुढे बऱ्याच ठिकाणी हेच घडत आले आहे.

दुसरा टप्पा अमेरिकेतला. ओरेगन राज्यात मायकेल गार्निए यांनी १९९० च्या सुमारास झाडांवर पाहुण्यांसाठी घरे बांधली, तेव्हा तिथल्या स्थानिक प्रशासनाने परवानगी नाकारली. घर भक्कम आहे हे दाखवायला त्यांनी एकाच घरावर साठाहून अधिक माणसे चढवली. भांडण अनेक वर्षे चालले. त्या काळात गार्निए आणि त्यांच्या सोबतच्या बांधणाऱ्यांनी झाडात बसवायचा जाड पोलादी बोल्ट घडवला, आणि आज जगातली बरीच झाडघरे त्यावर उभी आहेत. तिसरा टप्पा २०१० मध्ये स्वीडनच्या हाराड्स गावात सुरू झाला. ‘ट्रीहोटेल’ने खोल्या वेगवेगळ्या वास्तुरचनाकारांना दिल्या, आणि झाडावरच्या खोलीकडे वास्तुशिल्प म्हणून पाहिले जाऊ लागले. आपल्याकडे वायनाडने वेगळी वाट धरली. तिथे बांबू, दोर आणि स्थानिक आदिवासी कारागिरांचे हात होते. एका जागी तर पाण्याच्या वजनाने वर-खाली होणारा पाळणाही होता.

वजन कोणाचे

थोडे गणित मांडले की हा प्रश्न किती गंभीर आहे ते कळते. तीन बाय चार मीटरची खोली आणि तिला सहा चौरस मीटरची पडवी धरू. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार राहत्या खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो आणि सज्ज्यावर सुमारे ३०० किलो भार धरावा लागतो. म्हणजे माणसे आणि सामान यांचाच हिशेब ४,२०० किलोवर जातो. लाकूड, छप्पर आणि पाण्याची टाकी त्याहून वेगळी. ५०० लिटरची टाकी भरली की अर्धा टन वाढतो. हे सगळे जमिनीपासून पाच-सहा मीटर उंचीवर, वाऱ्यात हलणाऱ्या गोष्टीवर ठेवायचे आहे.

पहिला पक्ष बोल्टवाल्यांचा. त्यांचा आधार अमेरिकन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांचे काम. झाड जखम भरून काढत नाही, कुजका भाग भोवतीने कोंडून टाकते आणि त्याबाहेर नवे लाकूड वाढवते, ही मांडणी शायगोंनी १९७० च्या दशकात केली. तिच्यावरून हे लोक असे मानतात की शंभर खिळ्यांपेक्षा एक जाड, नीट बसवलेला बोल्ट झाडाला सोपा जातो. बोल्टचा रुंद गळा लाकडात रुततो आणि तुळई सालीपासून चार बोटे लांब राहते, त्यामुळे खोडाला फुगायला जागा मिळते. दोन बोल्ट मात्र एकमेकांना खेटून नसावेत. तसे असले तर दोन्ही जखमांचे कोंडलेले भाग एकत्र होतात आणि तिथे खोड पोकळ होऊ लागते.

दुसरा पक्ष भोक पाडायलाच तयार नाही. जर्मनीतल्या ब्रेमेनचे आंद्रेआस वेनिंग आणि त्यांची ‘बाऊमराउम’ ही संस्था रुंद कापडी पट्टे आणि पोलादी दोर यांच्या आधाराने घर फांद्यांतून टांगून ठेवतात. झाड हलले तरी घर त्याच्याशी भांडत नाही. पण झाडाचे अन्न सालीच्या लगेच आतून वाहते. पट्टा वर्षानुवर्षे एकाच जागी आवळलेला राहिला तर तिथेच गळा आवळला जातो. पट्टे सैल करायचे, सरकवायचे हे काम दरवर्षी कोणीतरी करायलाच हवे. मुक्कामाच्या धंद्यात मालक बदलतात, व्यवस्थापक बदलतात, आणि असली कामे आधी विसरली जातात.

तिसरा पक्ष सगळे वजन जमिनीतून वर आणलेल्या खांबांवर घेतो. इंग्लंडमधल्या अ‍ॅल्निक बागेतले भव्य झाडघर असेच लिंडेनच्या झाडांमध्ये खांबांवर उभे आहे. झाड फक्त सावली आणि सोबत देते. याला झाडघर म्हणावे का, असा आक्षेप घेतला जातो, पण तो मला महत्त्वाचा वाटत नाही. खरा आक्षेप मुळांचा आहे. झाडांजवळच्या बांधकामाचे ब्रिटिश मानक खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखायला सांगते. खोड ६० सेंटिमीटर जाड असेल तर सात मीटरहून जास्त. म्हणजे खोलीचे सगळे खांब त्या वर्तुळातच पडतात. कोकणात जांभ्याच्या कातळावर माती थोडी असते, त्यामुळे मुळे खोल न जाता पसरतात. जेसीबी लावून चार खड्डे काढले, काँक्रीटचा ट्रक खोडाशी आणला, की झाड पुढल्या तीन-चार पावसाळ्यांत हळूहळू वाळते आणि दोष किडीवर जातो. खांबच घ्यायचे तर खड्डे हाताने खणावेत, जाड मूळ लागले तर खांब बाजूला सरकवावा, आणि आराखड्यात ही सरकवासरकव आधीच गृहीत धरावी.

बोल्ट आणि खांब एकत्र वापरणारेही आहेत. त्यात एक धोका हमखास राहतो. खांब हलत नाही, झाड हलते. दोन झाडे असली तर तीही वेगवेगळ्या लयीत हलतात. तुळई दोन्हीकडे घट्ट आवळली तर पहिल्या वादळात बोल्ट तुटतो किंवा लाकूड फाटते. म्हणून एक टोक पक्के ठेवून दुसरे सरकते ठेवावे, यावर मात्र सर्वांचे एकमत आहे.

झाडाच्या निवडीबद्दल आपल्याकडे थोडे बोलले जाते. नारळ, सुपारी ही झाडे बोल्टसाठी नाहीतच. त्यांच्या खोडात वर्षागणिक वाढणारा थर नसतो, म्हणून जखम कोंडली जात नाही आणि उरलेल्या आयुष्यभर ती तशीच राहते. गुलमोहर ठिसूळ. सुरू आणि निलगिरी उंच, पण वाऱ्यात धोक्याची. वड-पिंपळ ताकदीचे, तरी वडाच्या पारंब्या आणि दोघांची मुळे घराचा आकार काही वर्षांत बदलून टाकतात. रायवळ आंबा, फणस, ऐन, हिरडा यांच्याकडे आपण वळतो ते योग्यच आहे. रायवळ आंब्याला मात्र खोडकिडा लागतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारे खोड आत पोखरलेले निघते.

खोड आत की बाहेर

आता खोलीच्या आत येऊ. खोड मधोमध घेतले की वजन सारखे वाटले जाते आणि खोलीला एक केंद्र मिळते. पाहुण्याला झाडावर असल्याची जाणीव खाटेवरूनही होते. हाराड्समधल्या ‘मिररक्यूब’मध्ये चार मीटरच्या आरशाच्या घनातून पाइनचे खोड थेट आरपार जाते. पक्षी काचेवर आपटू नयेत म्हणून तिच्यावर त्यांना दिसेल असा थर दिला आहे.

हाराड्सला मुख्य काळजी बर्फाची, आपल्याला पावसाची. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मुसळधार पावसात झाडाच्या फांद्यांवरचे पाणी एकत्र होऊन खोडावरून ओघळते. छपरातून खोड जाते तिथे रबराचा पट्टा बसवतात, पण खोड वाढते, हलते, साल सुटते, आणि पट्ट्याची फट उघडते. शिवाय खोडाभोवती जागा सोडावीच लागते. खोलीच्या जमिनीशी दोन-तीन इंच आणि छपराशी त्याहून बरीच जास्त, कारण झाड वर अधिक हलते. त्या फटीतून पाणी, मुंग्या आणि पाली खोलीत येतात. पाहुणा वैतागला की मालक फट सिमेंटने किंवा फोमने बुजवतो, आणि झाडाचा गळा तिथेच धरला जातो.

म्हणून खोड पडवीत ठेवावे, खोली त्याच्या एका बाजूला घ्यावी, अशी दुसरी मांडणी आहे. सह्याद्रीसाठी मला तीच पटते. पडवीच्या फळ्यांमधून पाणी खाली जाऊ शकते, फट उघडी राहिली तरी कोणाच्या अंथरुणात काही पडत नाही, आणि झाडाला टेकून बसायची जागा मिळते. छपराचा उतार खोडापासून दूर वळवला की खोडावरचे पाणी आणि छपराचे पाणी एकमेकांत मिसळत नाही. वजन एका बाजूला झुकते हा या मांडणीचा दोष, आणि तो खरा आहे. खोलीकडच्या टोकाला तिरपे आधार किंवा दोन खांब द्यावेच लागतात.

खोली आणि पडवी यांचे प्रमाण काय असावे, यावरही दोन मते आहेत. दर खाटांवर मिळतो, म्हणून व्यवसायाला खोली मोठी हवी असते. पण पाहुणा इथे दिवसभर बसणार तो बाहेर. निम्मी जागा पडवीला द्यावी, आणि तिच्या छपराची वळचण कोकणातल्या जुन्या घरांसारखी पुरेशी खाली उतरवावी. एरवी पश्चिमेची झड थेट दारापर्यंत येते.

न्हाणी

आराखड्यावरचे सगळ्यात मोठे मतभेद इथे आहेत, आणि सगळ्यात कमी लिहिलेही इथेच गेले आहे. हाराड्सच्या सुरुवातीच्या खोल्यांनी प्रश्न असा सोडवला: वर फक्त मैला जाळून राख करणारा कोरडा संडास, आणि आंघोळीची सोय खाली वेगळ्या इमारतीत. त्यामुळे वर पाण्याचे नळ जवळजवळ नाहीत, वजन नाही, गळती नाही. थंडीत रोज आंघोळ न करणाऱ्या दोन तरुण पाहुण्यांना हे चालते.

आपल्याकडे मुक्कामाला कुटुंब येते. आजी-आजोबा येतात. घामट मे महिन्यात दिवसातून दोनदा आंघोळ होते, आणि संडासाला पाणी हवेच. रात्री दोन वाजता पावसात तीस पायऱ्या उतरून खाली जायला कोणी तयार नसते. म्हणून बहुतेक मालक न्हाणी वर घेतात. एकत्र संडास-न्हाणीला इमारत नियम २.८ चौरस मीटर जागा मागतात. जागेपेक्षा तिचे वजनच जड जाते. नेहमीच्या पद्धतीने दोन इंचांचा गिलावा घालून फरशी बसवली की तेवढ्या जागेवर तीनशे किलो येतात आणि तेही एका कोपऱ्यात. त्याऐवजी तंतुकाचेचा एकसंध तसराळा बसवणारे आता वाढले आहेत. तो हलका असतो आणि घर हलले तरी त्याला भेग पडत नाही. फरशीच्या सांध्याला मात्र ती पडते.

सांडपाण्याच्या नळाबद्दलही हेच. घर हलते आणि जमीन हलत नाही, म्हणून नळ खाली उतरतो तिथे लवचिक जोड लागतो. नळ खोडाला पट्टीने आवळणे सर्वत्र दिसते. ते चूक आहे. त्याला स्वतंत्र खांब द्यावा. शोषखड्डा मुळांच्या वर्तुळाबाहेर आणि उताराच्या खालच्या बाजूला. साबणाचे पाणी रोज मुळांत मुरले तर झाड त्याचा हिशेब नंतर देते.

मधला मार्गही आहे, आणि मला तो सर्वांत वापरण्याजोगा वाटतो. वर फक्त संडास आणि हात धुण्याची सोय, आणि आंघोळीची खोली जिन्याच्या मधल्या टप्प्यावर किंवा, घराकडे जायला पूल असेल तर, त्याच्या जमिनीकडच्या टोकाला, छपराखालून जाता येईल अशी. यात पाणी, वजन आणि ओल झाडापासून दूर राहतात आणि रात्रीची पायपीटही वाचते. खर्च थोडा वाढतो. जाहिरातीत ‘अटॅच्ड बाथरूम’ लिहिता येत नाही, हाच याला मोठा अडथळा आहे.

चढायचे कसे, आणि किती उंच

उंची हा या धंद्यातला स्पर्धेचा आकडा झाला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घराची पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. या मापाने सहा मीटरच्या घराला बत्तीस पायऱ्या होतात. सरळ शिडी जागा वाचवते, पण बॅग हातात घेऊन शिडी चढता येत नाही आणि उतरताना गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर नाहीच. गोल जिना छायाचित्रात देखणा दिसतो, आणि आजारी माणसाला खाली आणायची वेळ आली की अडतो.

सह्याद्रीत यावर एक चांगला उपाय निसर्गानेच ठेवला आहे. उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूने पूल दिला तर एकही पायरी न चढता पाहुणा पाच मीटर उंचीवर पोहोचतो. चाकाच्या खुर्चीला एकास बारा उतार लागतो, म्हणजे तीन मीटर चढायला छत्तीस मीटरचा रस्ता. सपाट जमिनीवर तो खर्चिक होतो, उतारावर निम्मे काम जमीन करते. अमेरिकेत व्हर्मांटमधल्या बर्लिंग्टनच्या ओकलेज उद्यानात आणि अ‍ॅल्निकमध्ये चाकाच्या खुर्चीने जाता येणारी झाडघरे आहेत. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. तरीही झाडघराच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो. वजन आणि उंची यांच्याइतकीच ही आराखड्याची पहिली अट असायला हवी, असे मला वाटते.

कठड्याबद्दल वाद नाही. उंची किमान एक मीटर, उभे गज, आणि मधली फट मुलाचे डोके जाणार नाही इतकी कमी. आडव्या फळ्या नकोत, मुले त्यांची शिडी करतात. आग लागली तर बाहेर पडायची दुसरी वाट, मग ती दोराची शिडी का असेना, लाकडी घराला असलीच पाहिजे.

पावसाळा, वारा आणि कायदा

गोव्यात पाळोळेच्या किनाऱ्यावर खांबांवरच्या झोपड्या दरवर्षी पावसाळ्याआधी काढतात आणि पाऊस संपला की पुन्हा उभ्या करतात. बांबू, प्लायवूड, दोर हे साहित्य त्याच हिशेबाने निवडलेले असते. झाडघरालाही हे लागू करावे, असे एक मत आहे. घर हलके राहते, झाडाला चार महिने सुट्टी मिळते, आणि गळतीचा प्रश्न उरत नाही. दुसरी बाजू अशी की लोणावळा-महाबळेश्वरला पावसाळा हाच हंगाम आहे. तिथे घर उतरवले तर वर्षाचे उत्पन्न गेले. किनारपट्टीला हंगामी आणि घाटमाथ्याला कायम, अशी विभागणी प्रत्यक्षात होत चालली आहे.

वाऱ्याचे गणित दोन्हीकडे लागते. मानकांनुसार मुंबईला सेकंदाला ४४ मीटर आणि पुणे-पणजीला ३९ मीटर वेग धरतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या वाड्यांमधली जुनी झाडे मुळांसकट उपटली. तशा वाऱ्यात रिकामे घरही झाडासाठी शीड बनते. घर शेंड्यात न नेता झाडाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात ठेवावे, हा नियम त्यामुळेच सांगितला जातो.

कायद्याची बाजू सर्वांत अस्पष्ट आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत जिवंत झाड खांब म्हणून धरायची सोय नाही, त्यामुळे अभियंत्याला सही करताना काय प्रमाण मानायचे ते ठरवता येत नाही. महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठीच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाडघरासाठी ज्या वयाची झाडे निवडली जातात, बहुतेक त्याच वयाची. बोल्ट ही इजा आहे का, यावर वृक्ष अधिकाऱ्याला स्वतःच मत बनवावे लागते. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणसंवेदनशील क्षेत्रात आहेत. पश्चिम घाटाबाबत माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये आला आणि त्यानंतर मसुद्यावर मसुदे निघत गेले. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमधल्या मुंडक्काई आणि चूरलमला इथे दरडी कोसळल्या. झाडघरांसाठी नावाजलेल्या वैथिरी तालुक्यातलीच ही गावे. त्यानंतर उतारावर काय बांधावे हा प्रश्न झाडाच्या ताकदीपुरता उरला नाही. ज्या उताराची मी पुलासाठी वर शिफारस केली, त्याची पाहणी भूगर्भतज्ज्ञाकडून झाल्याशिवाय तिथे पाया खणू नये.

शेवटचा अनिर्णित प्रश्न देशी झाडांचा. बोल्टची ताकद, जखमेनंतरची वाढ, हलण्याचे माप याबाबतचे बांधणाऱ्यांचे अनुभव मुख्यतः ओक, मेपल, डग्लस फर अशा समशीतोष्ण प्रदेशातल्या झाडांवरचे आहेत. ऐन, हिरडा, फणस, रायवळ आंबा वर्षभर वेगळ्या चालीने वाढतात, वेगळ्या बुरशीशी झुंजतात, आणि चार महिने भिजतात. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि वनखाते यांनी आज उभ्या असलेल्या घरांच्या खोडांची दर उन्हाळ्यात एकदा तपासणी केली, बोल्टभोवतीचे लाकूड किती कुजले, खोड किती वाढले याची नोंद ठेवली, तर दहा वर्षांत या झाडांसाठी स्वतःचे मापदंड तयार होतील. तोवर आराखडा असा करावा की झाड आजारी पडले तर घर सुटे करून खाली उतरवता येईल: नट-बोल्टचे सांधे, वेल्डिंग कमीत कमी, आणि एकही भार असा नको जो काढण्यासाठी झाड कापावे लागेल.